मानेवाटे येणारं दूध

“घरी तोंडानं पाजता ना हिला?” नर्सनं बाटली पुन्हा ओठांना लावली. पाच महिन्यांच्या पोरीनं तोंड फिरवलं. दूध हनुवटीवरून ओघळलं.

“दर वेळेला,” सून म्हणाली. “मी कामावर असले की आई पाजतात.”

आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नात जन्मली तीच अन्ननलिका मध्येच तुटलेली घेऊन. दोन टोकांत अंतर फार, म्हणून डॉक्टरांनी वरचं टोक मानेपाशी बाहेर काढलं आणि पोटात नळी बसवली. पोर मोठी झाली की जोडणार. तोवर पोट भरायचं नळीतून, पण त्याच वेळी थोडं तोंडानंही पाजायचं. ते मानेवाटे फडक्यावर येतं. पोर तेवढी गिळायला शिकते.

आजींच्या डोक्यात हे काही शिरेना. चार पोरं वाढवली त्यांनी, पातेल्याला साय चिकटू दिली नाही कधी, आणि आता दूध पाजायचं ते फडक्याला? सून घराबाहेर पडली की त्या बाटलीतलंही नळीतच सोडत. फडकं कोरडं, पोर गप्प, घोटभर वाया नाही.

“गिळणं विसरली तर जोडून उपयोग काय?” नर्स सुनेला म्हणाली. “घास तोंडातच धरून बसेल. घाई करता का तुम्ही?”

“माझंच चुकत असेल.” सुनेनं पोरीची हनुवटी पुसली. “संध्याकाळी माझ्याकडूनही घेत नाही हल्ली. आई म्हणतात, तुझ्या हाताला सवय नाही.”

ती तर सगळं अंगावर घेऊन मोकळी झाली होती. आजींनी नुसतं गप्प बसायचं होतं.

“तिला कशाला बोलतेस?” आजी नर्सवर खेकसल्या. “मी पाजतच नाही दिवसभर. महिना झाला. वाया जातं म्हणून. नको तिथं शहाणपण केलं.”

“आई!”

“घरी जाऊन काय ते बोल. आधी हिला सांगू दे, आता करायचं काय.”

नर्सनं बाटली बाजूला ठेवली. “पहिल्यापासून सुरू करू. बाटली नको. नळीतून दूध जात असताना बोटावर थेंब घेऊन जिभेला लावायचा. पोट भरतंय आणि तोंडाला चव येतेय, हे एकदमच कळायला हवं तिला.”

सुनेनं पोर मांडीवर घेतली, नळी उंच धरली. दोन्ही हात अडकले. मग वर न बघता म्हणाली, “हात धुऊन या.”

जन्मात कुणी सांगितलं म्हणून आजींनी हात धुतले नव्हते. त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि बाह्या सारून कोपरापर्यंत धुऊ लागल्या.