मागे घेतलेला पत्ता

त्या वर्षी इशिताने फोनवर सांगूनच टाकलं, "आजी, सुट्टीत मी अमरावतीला येणार नाही. तिकडे माझ्याशी पत्ते खेळायला कोणी नसतं."

हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. दोन हजार पाचच्या सुमाराला पोरं पाकिटं फोडून जमवायची, ते. प्रत्येकावर एक अचाट प्राणी, त्याच्या जिवाचा आकडा, आणि तो समोरच्याचं किती नुकसान करतो ते. तिचे डबल आलेले पत्ते आणि नियमांचा इंग्रजी कागद दिवाळीपासून माझ्या कपाटात पडून होते.

"मी शिकले तर येशील?"

"रविवारी एक प्रश्न विचारीन. बरोबर आला तर येईन."

नात नऊ वर्षांची, पण मला धडकीच भरली. तिचा बाप, म्हणजे आमचा मुलगा, तीन वर्षांत घरी आला नव्हता. आता तीही यायची थांबली असती.

मुलगा इथल्याच एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजर होता. कापसाचा भाव पडला तेव्हा मालकाने माल घेणं बंद केलं. फाटकावरून गाड्या परत पाठवायचं काम मुलाच्या वाट्याला आलं. त्यात देवमन नावाच्या शेतकऱ्याची गाडी होती. देवमन दुसऱ्या दिवशी जिवानिशी गेला. कसा गेला, हे त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नसे. पुढे जिनिंगलाही कुलूप लागलं आणि मुलगा बायकोपोरीला घेऊन पुण्याला गेला.

मी शेजारच्या बिल्कीसला खेळायला बसवलं. ती माझ्याच वयाची, बाळापूरची लेक. नुकसान मोजायला आम्ही चिंचोके घेतले, दहाला एक. माझ्या पुढच्या पत्त्यावर बैलासारखा प्राणी होता.

"तुया बैल मेला का, सिंधू?"

"मरतो कसा? साठ जीव आहे, चाळीसच नुकसान झालंय."

"मंग मांगं घे ना त्याले. काहून मरू देतं?"

मी बैल मागच्या रांगेत घेतला आणि त्याच्यावरचे चिंचोके उचलून वाटीत टाकले. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही आधी पाणी देतो, मग जेवायला वाढतो, आणि घरात आला की बरा झाला असंच धरून चालतो.

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. उभा जन्म वकिलीत गेलेला. "चिंचोके कोणी उचलले?"

"बैल मागे आला ना."

त्यांनी चष्मा लावून तो कागद कायद्यासारखा वाचला. "पत्ता मागे घेतला तरी झालेलं नुकसान त्याच्यावर राहतं. औषधाचा पत्ता टाकला तर तेवढं उतरेल. एरवी डाव संपेपर्यंत नाही."

"वकीलसाहेब, कोर्टात बी असंच करत होते का तुमी?" बिल्कीस भडकली. "थो गरीब आराम करून राह्यला!"

"करू दे की आराम. चिंचोके ठेवा परत."

"जालीम खेळ हाय माय," असं म्हणत तिनेच एकेक चिंचोका मोजून बैलावर ठेवला. मला पुढे खेळवेना.

रविवारी प्रश्न आला. "चाळीस नुकसान झालेला पत्ता मागे घेतला. दोन पाळ्यांनी परत पुढे आणला. आता किती?"

"चाळीस."

"आजोबांनी सांगितलं ना?"

"हो. पण आता माझं मला कळलंय."

"बाबा! आजीला येतं! तिकीट काढा!"

मग मुलगा फोनवर आला. मी म्हटलं, "तूही ये. चार दिवस."

"तिला बडनेऱ्याच्या स्टेशनपर्यंत आणून सोडतो," तो म्हणाला.

मे महिन्यात आम्ही दोघं तिला आणायला स्टेशनवर गेलो. मुलगा तिला घेऊन उतरला, पाया पडला. कानशिलं पांढरी झाली होती. मी सवयीने विचारलं, "जेवायला भाकरी करू की पोळी?"

"परतीची गाडी तासाभरात आहे, आई."

रिक्षाने घर अर्ध्या तासावर. मी महिनाभर मनात बोलणं जुळवलं होतं. तुला कोणी बोल लावत नाही. देवमनची बायको बाजारात भेटली की तुझीच खुशाली विचारते. झालं गेलं विसर आणि चल घरी.

"जिनिंगच्या फाटकाला कुलूप आहे अजून?" त्याने रुळांकडे बघत विचारलं.

"आहे."

तेवढंच बोलले. विसर म्हणायला तोंड उघडेना. बाकावर त्याच्या शेजारी बसले आणि पिशवीतला डबा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो तिथेच उघडला आणि चटणीला बोट लावून चाखली, लहानपणी चाखायचा तशी.

इशिताने पत्ते केव्हाच बाहेर काढले होते. "आजी, चल ना घरी! आपला डाव!"

"थांब गं," मी म्हटलं. "गाडी येऊ दे त्याची."