राहिलेला दुसरा अंक

आपल्याकडे सत्कार आटोपल्याशिवाय कुठलाही कार्यक्रम सुरू होत नाही. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्यात कुणाचं काही हिरावलं जातं असं आपल्याला वाटतही नाही.

दीपाली सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची. मागच्या हिवाळ्यात तिनं विद्यार्थ्यांना घेऊन एक रॉक संगीत नाटक बसवलं. गोष्ट मुलांचीच, चालीही त्यांच्याच. गिटार, ड्रम आणि वयात येणाऱ्या पोरांची घुसमट. शेवटचं गाणं मात्र दीपालीनं स्वतः लिहिलं होतं. त्यात मुलगी बापाला म्हणते, 'बाबा, आज तुम्ही बसा, आज मी बोलते.' ते गाणं आपल्या वडिलांनी ऐकावं, एवढ्यासाठीच तिचा सारा खटाटोप होता.

वडील, आष्ट्याचे आदगोंडा पाटील, त्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेच्याही पुढं सोफे मांडले गेले. शाली झाल्या, नारळ झाले, मग आदगोंडांनी माईक हातात घेतला. दोनच मिनिटं घेतो म्हणाले आणि 'तरुणांनी पुढं यावं' या विषयावर रंगून बोलत राहिले. तरुण पडद्यामागं गळ्यात गिटारी अडकवून उभे होते. चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळत होता. रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम. पहिला अंक कसाबसा झाला आणि नाट्यगृहाच्या माणसानं स्पीकर बंद केले.

परतताना गाडीत आदगोंडा म्हणाले, "पोरं झकास वाजवत्यात गं. ऱ्हायलेलं पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप आलीच नाही. त्याच महिन्यात एका पहाटे ते झोपेतच गेले.

पहिल्या स्मृतिदिनाला आदगोंडांच्या धाकट्या भावानं, भाऊसोकाकांनी, तेच नाटक ठेवायचं ठरवलं. आधी मान्यवरांचे सत्कार, आठवणींची भाषणं, मग नाटक. दुसरा अंक होईल का, असं दीपालीनं विचारलं. वेळ उरला तर होईल की, असं काका म्हणाले. ते गाणं म्हणणारी शिवांजली आता शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा झाली की ती वडूजला परत जाणार होती, आणि तिथं स्थळं बघायला सुरुवातही झाली होती. तिलाही पुढची खेप नव्हती.

काकांपुढं चहा ठेवून दीपालीची आई, प्रभावती, दारातच थांबली. एरवी ती दिरासमोर फार बोलत नसे.

"भावजी, ह्यांचं त्या दिवशीचं भाषण आठवतंय का?"

"लय झ्याक झालं की, वहिनी. टाळ्या पडल्या."

"टाळ्यांचं न्हाई. बोलले काय, ते सांगा."

काकांना एकही वाक्य आठवेना.

"मलाबी न्हाई आठवत, मी तर पुढंच बसलेली. लगीन झाल्यापासनं आमी त्यांचंच ऐकत आलो. पोरीनं एकदा ऐका म्हटलं, तर ह्यांचं बोलणं सरंना. आता फोटोला हार घालून परत तेच करायचं?"

काकांनी कप खाली ठेवला. "पत्रिका वाटल्यात, वहिनी."

"मग फोन करा. शाली घरी पोचवा. गारठ्याचं दिवस हायती, पांघरतील."

काकांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. जाताना ते दीपालीला एवढंच म्हणाले, "दुसरा अंक व्हईल. कायबी झालं तरी व्हईल."

प्रयोगाला सोफे नव्हते. सवयीनं काका माईकपर्यंत गेले, त्याला हात लावला, आणि मागं फिरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. पडदा वेळेवर उघडला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी शिवांजली एकटी पुढं आली आणि गायली. काका डोळे पुसत उभे राहिले, मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. विंगेतून दीपाली मागच्या वर्षी वडिलांचा सोफा होता त्या जागेकडं बघत होती. तिथं नुसती फरशी होती. एवढ्या टाळ्यांत तिला हव्या होत्या त्या दोन हातांच्या टाळ्या नव्हत्या.

वाचकहो, तरुणांनी पुढं यावं असं आपण माईकवरून सांगतो आणि माईक मात्र सोडत नाही. पोरं पडद्यामागं उभीच असतात. त्यांना आधी बोलू द्या! सत्कार उद्याही होतील. ज्यानं ऐकायला हवं, तो उद्या असेलच असं नाही.