तिच्या वाट्याची प्रार्थना

चर्चच्या मंडळीत तिला सगळे प्रार्थनाबाई म्हणत. कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाची नोकरी गेली, की हिला बोलावणं आलंच. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून हात भरून आलेले असले तरी ती जायची. डोळे मिटले की शब्द आपसूक ओठांवर यायचे.

मग नवरा परांचीवरून पडला. रंगारी होता, पाचव्या मजल्याच्या खिडक्या रंगवताना दोर सुटला. तेव्हापासून तो अतिदक्षता विभागात होता आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. पहिले चार दिवस तिनं देवाच्या विनवण्या केल्या. पुढचे दोन दिवस देवालाच नाही नाही ते बोलली. सातव्या दिवसापासून तोंडून अवाक्षर निघेना.

अकराव्या दिवशी दुपारी चर्चचे पाळक आले. ती आणि सासू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"बाई, आज तुम्हीच प्रार्थना करा," पाळक म्हणाले.

"नाही जमणार, पाळकसाहेब. पलीकडे कुणी ऐकतंय, असंच वाटेनासं झालंय."

सासू सरसावून बसली. ही म्हातारी उपासनेत पहिल्या गीतालाच पेंगायची. चारचौघांत प्रार्थना तिनं जन्मात केली नव्हती.

"तू गप बस," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या वाट्याची मी करते. तुझ्यासारखं गोड नाही हं यायचं मला." आणि डोळे उघडे ठेवूनच तिनं सुरुवात केली. "प्रभू येशू, हिची वाचा बसलीय, म्हणून मी बोलते. माझा पोरगा आत आहे. तुला दिसत असेल, मला तर काहीच दिसत नाही. पण तुला सोडून जायचं कुठं, ते तरी सांग."

सून ढसाढसा रडली.

तासाभरानं डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. मेंदूचं काम पूर्ण थांबलं होतं. दोनदा तपासून झालं होतं. आता यंत्र काढायचं होतं.

सासू खाटेशेजारच्या स्टुलावर बसली, पोराचा हात हातात घेतला. त्याच्या नखांत अजून पांढरा रंग होता. तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"मला येईना गं," ती कुजबुजली. "तूच बोल, पोरी. त्याला असा मुक्यानं नको जाऊ देऊस."

बोलायला हिच्याकडे तरी होतं काय? आतून सगळं कोरडं ठाक. तरी तिनं नवऱ्याच्या कपाळावर तळहात ठेवला.

"प्रभू," ती म्हणाली. यंत्र काढायला आलेली नर्स खोळंबून उभी राहिली. "प्रभू, मी तुझ्यावर रागावलेय. तरी याला तुझ्याच हाती देते. दुसरं आहे कोण? नीट धर त्याला."

चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

दफनानंतर आठवड्यानं ती कामावर गेली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हळूच म्हणाली, "एक विचारू? अजून विश्वास आहे तुझा?"

"सकाळी उठते तेव्हा वाटतं, संपला," ती म्हणाली. "मग अंघोळ होईपर्यंत देवाशीच भांडत असते. आजही भांडून आलेय."