टोपीतले बारा मासे

अव्लेकोफे विद्यापीठाच्या गीत समितीने अकरा विरुद्ध शून्य मतांनी मान्य केलं की विद्यापीठगीत ही एका माणसाची जाहीर नालस्ती आहे, त्याची माफी मागावी, आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या दारात एक मेंढा आणि जिनच्या दोन बाटल्या पोचत्या कराव्यात. मग त्याच समितीने अकरा विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं की ही बैठक झालीच नाही. न झालेल्या बैठकीतली खेकड्याच्या रश्श्याची भांडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घासली जात होती.

तर बैठक झाली नाही, असं धरून आपण सुरुवातीपासून सुरू करू.

सेफाकोर अमेतेफे त्या वर्षी अख्ख्या विद्यापीठात पहिली आली. दुसऱ्या कुणाच्या घरी कोंबडं कापलं असतं. सेफाकोर निकालाचा कागद मुठीत चुरगाळून थेट रजिस्ट्रारच्या दारात भांडायला गेली. कारण पदवीदानाच्या दिवशी, जो पहिला येईल त्याने मंचावर उभं राहून विद्यापीठगीताचं तिसरं कडवं एकट्याने म्हणायचं, असा नियम होता. आणि तिसरं कडवं तिच्या आजोबांवर होतं.

गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. साठेक वर्षांपूर्वी त्यांच्यात हालो चालायचा. हालो म्हणजे ढोल लावून गाण्यातून केलेलं भांडण. एका आळीने दुसऱ्या आळीतला एक माणूस निवडायचा आणि त्याची सालं काढायची. ज्याची सालं निघतायत त्याने समोर खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकायचं, चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची पाळी. खालच्या आळीच्या आब्लाने गाणं रचलं ते तरण्याबांड कोजो अमेतेफेवर: हा मयताच्या जेवणाला गेला, आणि टोपीत बारा भाजके मासे दडवून निघाला, शेपट्या कानांवर लोंबतायत, माश्यांची वरात घोंघावत मागून चाललीये. शेवटी अख्ख्या खालच्या आळीने आपापल्या टोप्या उलट्या करून झटकल्या. कोजो दगडासारखा बसून राहिला. त्याची पाळी चार दिवसांवर आली असताना शेजारच्या गावात हालोपायी डोकी फुटली आणि सरकारने हालोवरच बंदी घातली.

पुढे गावात विद्यापीठ आलं. विद्यापीठाला गीत हवं होतं. संगीताचे प्राध्यापक लांबच्या प्रांतातले, इथली भाषा त्यांना येत नव्हती. किनाऱ्यावर जाळं ओढता ओढता बायका तेच गाणं म्हणत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्राध्यापकांना पाणी तेवढं दिसलं. त्यांनी अर्थ विचारला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आब्लाने गंभीर तोंडाने सांगितलं की हे फार जुनं आहे, पूर्वजांचं.

तेव्हापासून पाच हजार माणसं दरवर्षी छातीवर हात ठेवून ते म्हणतात. छापील अर्थ आहे ‘सरोवराचा सुगंध ज्याच्या मस्तकी वसे’. तिसऱ्या कडव्याला सगळे पदवीधर आपल्या चौकोनी टोप्या काढून, उलट्या करून झटकतात. पुस्तिकेत लिहिलंय की हे अज्ञान झटकणं आहे. बोधचिन्हावर बारा मासे आहेत. माशांना अर्थ हवा म्हणून बारा विद्याशाखा काढल्या. अकराच सुचल्या, म्हणून बारावीचं नाव ‘उर्वरित’. गावकरी समारंभाला न बोलावता झुंडीने येतात. विद्यापीठ त्याला शिक्षणाची ओढ म्हणतं.

शाळेच्या वाटेवर पोरं सेफाकोरला पाहून टोप्या झटकायची. तिच्या आईच्या लग्नात वऱ्हाडाने झटकल्या होत्या. आजोबांनी, म्हणजे तोग्बेंनी, हालोच्या त्या दिवसापासूनच टोपी घातली नव्हती. समुद्रावरच्या उन्हाने त्यांचं टक्कल भाजून काळं पडलं होतं. हे सगळं तिने रजिस्ट्रार ओडुरोंना सांगितलं. ओडुरोसाहेब गावात एकोणीस वर्षं होते आणि इथली भाषा त्यांना मासळी घेण्यापुरतीच येत होती.

“मिस अमेतेफे, गीत अपमानाचं असतं तर बावन्न वर्षांत कुणीतरी तक्रार केली असती,” ते म्हणाले.

“मी करतेय ना, सर.”

“तुमची पहिलीच. एकट्या तक्रारीला आम्ही मत म्हणतो.”

तिने मग मतं गोळा केली. वरच्या आळीतल्या दोनशे सात माणसांचे अंगठे आणि सह्या आणल्या. तेव्हा कुठे समिती बसली. भाषा विभागाच्या प्रमुखांनी तिसऱ्या कडव्याचा खरा अर्थ वाचून दाखवला, एक सदस्य खुर्चीवरून खाली पडला, आणि ठराव झाला. मग कुणीतरी बोधचिन्हाचं काय, दगडी कमानीचं काय, ‘उर्वरित’ शाखेतल्या सहाशे मुलांचं काय, असं विचारलं. त्यानंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे काहीच झालं नाही.

सेफाकोर घरी आली ती धुमसतच. तोग्बे अंगणात जाळं विणत बसले होते. तिने ठरवून टाकलं होतं: मंचावर जायचंच नाही, पदवी गेली खड्ड्यात, आणि कमानीवरचे बाराच्या बारा मासे हातोड्याने फोडायचे.

“हातोडा कशाला? शिव्यांचा राग नाही गं मला. गाणं फक्कड आहे तिचं,” तोग्बे म्हणाले.

“मग साठ वर्षं बोडक्या डोक्याने कशाचा राग करताय?”

“माझी पाळी राहिली.” त्यांनी गाठ दातांनी ओढून घट्ट केली. “आणि मासे तीन होते. बारा म्हणे. टोपीत बारा मासे बसतात का, पोरी? शिकलेली माणसं ना ही? एकाने तरी टोपीत घालून बघावेत.”

चोरी खरीच होती, हे सेफाकोरला तेव्हा कळलं. तरी तिचा राग कमी झाला नाही. तीन माशांचा राग बारा माशांच्या रागापेक्षा जास्त टोचतो. तोग्बेंनी उत्तर तेव्हाच रचून ठेवलं होतं. चौदा कडवी. साठ वर्षं ते जाळ्याच्या गाठींवर ती पुटपुटत होते, आणि घरच्यांना वाटायचं म्हातारा प्रार्थना करतोय.

आठवडाभर दोघं ती कडवी घोकत बसली. पदवीदानाला तोग्बे पहिल्यांदाच आले. पहिल्या रांगेत ‘ज्येष्ठ नागरिक’ अशी चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर नव्वदीची आब्ला बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दोन कडवी झाली. कुलगुरूंनी टोपीला हात घातला. सेफाकोर ध्वनिक्षेपकासमोर आली आणि तिने वरच्या आळीच्या चालीत आवाज लावला:

“आब्ला, तुझी जीभ म्हणजे तळाला भोक पडलेली होडी, स्वतः बुडते आणि बाजारभर फिरते...”

मंडपाच्या मागच्या बाजूने गावकऱ्यांचा असा काही हुंकार उठला की कुलगुरू आदराने उभे राहिले. दुसऱ्या ओळीत आब्लाचा नवरा आला. तिसऱ्या ओळीला भाषा विभागाचे प्रमुख ओडुरोसाहेबांच्या कानाशी लागले, आणि ध्वनिक्षेपक बंद पडला.

आब्ला काठी टेकत उठली. “तार जोडा,” ती ओडुरोसाहेबांना म्हणाली. “अर्धवट शिवी अंगाला लागत नाही. साठ वर्षं मी माझी खुर्ची धरून बसलेय, ती तुमचं भाषण ऐकायला नव्हे.”

कुणी तार जोडली नाही. पाच हजार टोप्या सवयीने निघाल्या आणि झटकल्या गेल्या, तोग्बेंच्या डोळ्यांदेखत. ते दगडासारखे बसून राहिले. मंचावरून उतरताना सेफाकोरने स्वतःची टोपी तेवढी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरली.

विद्यापीठाने त्याची नोंद ‘तांत्रिक बिघाड’ अशी केली. सेफाकोरला कळवण्यात आलं की तिसरं कडवं ठरल्याप्रमाणे म्हणून दाखवेपर्यंत तिचं पदवीपत्र कपाटात राहील. तिने उत्तर त्याच दिवशी, उभ्यानेच लिहिलं.

मा. रजिस्ट्रार यांस,

विषय: राहिलेली पाळी मिळणेबाबत.

वरील विषयान्वये विनंती, की पुढील पदवीदान समारंभात विद्यापीठगीतानंतर व प्रार्थनेपूर्वी श्री. कोजो अमेतेफे, वय ८८, यांस चौदा कडव्यांकरिता पन्नास मिनिटे, तीन ढोल व चालू स्थितीतील ध्वनिक्षेपक देण्यात यावा. श्रीमती आब्ला यांची खुर्ची मंचासमोर मांडावी. त्या वेळी कुलगुरूंसह सर्वांनी आपल्या टोप्या डोक्यावरच ठेवाव्यात. तसेच बोधचिन्ह, कमान व विद्याशाखा यांतील माशांची संख्या बाराऐवजी तीन अशी दुरुस्त करून, उरलेले नऊ मासे अर्जदाराच्या आजोबांच्या नावावरून विनाविलंब उतरवण्यात यावेत.