भांड्यांचे दोन ढीग

शीतलने मूठभर चुन्याची फक्की घेतली आणि मागच्या अंगणात लिंबाच्या झाडापासून न्हाणीपर्यंत पांढरी रेघ ओढली. टेपचं दुसरं टोक धरून तिचा नवरा रोहित उकिडवा बसला होता.

"इथे ओटा, इथे सिंक, वर पिठाचा आणि मिसळणाचा डबा," शीतल म्हणाली. " चूल या कोपऱ्यात, म्हणजे धूर घरात जाणार नाही. आणि जेवायचं टेबल झाडाखाली."

"रविवारी कुणी आलं-गेलं तर हितंच बसायचं, आई. मोकळ्यावर," रोहितने मागच्या दाराकडे बघून सांगितलं. सकाळपासून तो हे सांगतच होता. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं एकच वाक्य घोटत बसतो.

"ब्येस हाय की," दारातून भिमाबाई म्हणाल्या.

ब्येस कसलं! डोळे होते त्यांना. रविवारच्या पाहुण्यांसाठी कुणी पिठाच्या डब्याची आणि मिसळणाच्या डब्याची जागा आखत नाही. घरात धडधाकट ओटा असताना मागे दुसरी चूल मांडली, तर त्याचा अर्थ नेरे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या शेतात भाड्याच्या खोल्या उठल्या, गाव ओळखू येईना, पण हा अर्थ तेवढा बदलला नव्हता. लेक-सून वेगळं जेवणार होती.

भांडून अडवता आलं असतं. पण तोंड फुगवलेल्या माणसांबरोबर जेवण्यात काय राम? जीव तुटत होता तो नातीसाठी. किमया रोज त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि नको ती भाजी गुपचूप त्यांच्या ताटात सरकवायची. दुधी भिमाबाईंनाही आवडायचा नाही, तरी दोघींच्या वाटणीचा दुधी त्या मुकाट खात आल्या होत्या. आता पोरीचा दुधी कोण खाणार, याचंच त्यांना रडू येत होतं. ते त्यांनी गिळलं, आत गेल्या, स्टूल ओढलं आणि माळ्यावरची भांडी उतरवायला घेतली.

पाणी प्यायला शीतल आत आली, तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर दोन ढीग पडले होते. एकात मोठी पातेली, तांब्याचं घंगाळ, पुरणयंत्र, परात, झारे, ताटं-वाट्यांची चळत. दुसऱ्यात एक तवा, छोटी कढई, एक ताट, वाटी आणि तांब्या. मध्ये भिमाबाई काठवट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती कुठल्या ढिगात घालावी, याचा निकाल लागत नव्हता.

"हे काय, आत्या?"

"तुमचं तुमाला काढलंय. मागनं मागामागी नको." त्यांनी काठवट मोठ्या ढिगाकडे सरकवली. "ही बी ने. एकटीच्या भाकरीला काय, ताटात बी पीठ मळता येतंय."

"अहो, ते रविवारचं..."

"असू दे गं. मी रागावली न्हाई."

शीतल दाराला टेकून उभी राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिच्या भाजीत मीठ अजून भिमाबाईच घालत होत्या. त्यात वाईट हेतू नव्हता. हात आपोआप पुढे यायचा, एवढंच. कितीतरी दिवस हे कसं सांगायचं म्हणून ती झुरत होती, आणि इथे सासू न मागता सगळं काढून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही ती चूल हवीच होती.

"रविवारचं नाही ते," ती म्हणाली. "रोजचं आहे. मला माझ्या हातचं करायचंय, आत्या. चुकलं तर चुकलं."

"मग कर की. मी कुटं हात धरलाय?"

भिमाबाईंनी नजर वळवली.

"धरला आसंल कवा," त्या पुटपुटल्या.

शीतल खाली बसली. तिने काठवट उचलून छोट्या ढिगात ठेवली. परात ठेवली. एक पातेलं ठेवलं, विचार करून झाकणही ठेवलं.

"तुमची चूल तुमच्याजवळच राहू दे. तुम्हाला वाटेल ते करा, मी बघायला येणार नाही."

"बरं."

मग तिने भिमाबाईंचं एकुलतं एक ताट उचललं आणि आपल्या ढिगातल्या चळतीवर ठेवलं. वर वाटीही ठेवली.

"अगं, ते माझं हाय!"

"माहितीये."

"मग मी जेवू कशात?"

"यातच. टेबलावर, किमयाच्या शेजारी. रोज." शीतलने वाटी ताटात नीट बसवली. "भाकरी मात्र येताना तुमची घेऊन या. माझी फुगत नाही."

भिमाबाईंनी पदराने नाक पुसलं. मग आपल्या ढिगातला तांब्या उचलून त्यांनी सुनेच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो बी ने मग. पानी प्यायला काय मी घरात पळू?"