रातव्याचं शेवटचं पान

थुंकी लावून पान उलटणारा माणूस हितेंद्रला चोरापेक्षा वाईट वाटायचा. चोराला निदान वस्तूची किंमत तरी कळते, असं तो म्हणायचा. जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर तो काउंटरला बसे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या सोन्यातली खोट काढायची आणि घरी आल्यावर तेच भिंग जुन्या कॉमिक्सना लावायचं, हा त्याचा धर्म. पिनेला गंज चढलाय का, कोपरा दुमडलाय का, कुणा शहाण्याने हिरोला पेनाने मिशा काढल्यात का. पाहुणा हात न पुसता कपाटाकडे वळला की याचा जीव वरखाली व्हायचा. ज्या मामाच्या घरी धुळ्याला राहून शिकला, त्या मामाने एकदा ‘अजून बारक्या पोरांची पुस्तकं वाचतोस का रे?’ असं विचारलं, तर याने मामाशी बोलणंच टाकलं. बायको हेमांगी म्हणायची, ‘माझ्या पैठणीला कधी प्लॅस्टिक घातलं नाही यांनी.’ खोटं नव्हतं ते. पैठणी ट्रंकेत होती आणि कॉमिक्स काचेच्या कपाटात.

पण या सगळ्या रागांवर कडी करणारा एक राग होता. मेलेला हिरो परत येतो, याचा. एका अंकात हिरोला मारायचं, वाचणाऱ्याला रडवायचं आणि दोन अंकांनी ‘मेला तो त्याचा जुळा भाऊ होता’ म्हणून पुन्हा उभा करायचा. ‘मग आम्ही रडलो ते काय झक मारायला?’ असं तो पोटतिडकीने विचारायचा. ऐकणाऱ्याला हसू यायचं, पण त्याच्या तोंडावर हसायची कुणाची टाप नव्हती.

म्हणूनच त्याचा देव एकच होता, रातवा. काळी घोंगडी पांघरून रात्रीचा हिंडणारा, सावकाराच्या गुंडांना उसाने झोडपणारा हिरो. कुठल्याशा छोट्या प्रकाशनाने काढलेला, कागद असा की बोट लावलं तर शाई बोटाला. त्याचा शेवटचा अंक ‘रातव्याची चिता’, आणि त्यानंतर ते प्रकाशनच बंद पडलं. हितेंद्रकडची प्रत धुळ्याच्या बस स्टँडजवळच्या जीवराम शेठच्या दुकानातली. तिथे चार आण्यात बाकावर बसून कॉमिक वाचायला मिळे. शेठने दुकानाचा शिक्का आतल्या पहिल्या पानावर, नेमका रातव्याच्या तोंडावर मारलेला आणि कुणा नतद्रष्टाने शेवटचं पान फाडून नेलेलं. दुकान मोडलं तेव्हा हितेंद्रने ती प्रत मागून घेतली. राहिलेल्या शेवटच्या पानावर रातवा चितेवर आहे, गाव माना खाली घालून उभं आहे आणि ज्वाळा वर चढताहेत. बस्स.

ती प्रत त्याने पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारी कुंदन होता. सोनगीरहून रोज एसटीने धुळ्याला शाळेत येणारा, हडकुळा, हसरा कुंदन. दोघंही बाकावर बसून रडले होते. फाटलेल्या पानावर काय असणार? मलमाची जाहिरात असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं.

‘मरना तो मरना,’ कुंदन नाक पुसत म्हणाला होता. ‘याले म्हंतस हिरो.’

मेला तो मेला, या एका वाक्यावर त्यांची दोस्ती उभी राहिली आणि पुढची तीस वर्षं टिकली. आता व्हॉट्सॲपवर जुन्या कॉमिक्सवाल्यांचा खान्देशातला ग्रुप होता. त्यात पिंपळनेरचा भूपेंद्र म्हणून एक गृहस्थ छातीठोकपणे सांगायचा की, मी लहानपणी ते शेवटचं पान वाचलंय, रातवा परत येतो. हितेंद्र पिसाळायचा. ‘पान दाखवा!’ एवढंच लिहायचा, पण उद्गारचिन्हं ओळभर. पान कुणाकडे नव्हतं. अख्ख्या खान्देशात ‘रातव्याची चिता’ एकच, ती हितेंद्रची, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. कुंदन ग्रुपवर दर वेळी मित्राची बाजू घ्यायचा.

मग कुंदनच्या किडन्या गेल्या. धुळ्याच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. एकदा हितेंद्र भेटायला गेला तेव्हा कुंदन म्हणाला, ‘रातवा एकदाव वाचाले दे ना भो.’

हितेंद्रने आजवर कुणाला कॉमिक उसनं दिलं नव्हतं. दिलेलं कॉमिक परत येत नाही, आणि आलं तर चहाचा डाग घेऊन येतं. पण खाटेवरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पुढच्या खेपेला त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून दिलं आणि वर ताकीदही दिली. परत करायचं तर माझ्याच हातात, कुणाच्या हाती पाठवायचं नाही, लोक घडी घालतात.

वर्ष गेलं. कॉमिक सोनगीरला घरी आणि कुंदन निम्मा वेळ धुळ्याला खाटेवर. हितेंद्र भेटायला जाई, सफरचंदं नेई, तब्येत विचारी आणि निघता निघता हळूच म्हणे, ‘ते आपलं पुस्तक...’ आता सांगा, समोरचा माणूस सुईला टांगलेला, त्याच्या डोळ्याखाली सूज, आणि याचा जीव कशात अडकला होता? लाज वाटायची त्याला, नाही असं नाही. पण लाज वाटूनही तो विचारायचा. शेवटच्या भेटीत कुंदन हसला. हसतानाही त्याला धाप लागली.

‘देसू भो. मी मरनू तरी तुन्हं तुले भेटी.’

मेलो तरी तुझं तुला मिळेल, हे ऐकून हितेंद्रला आधी बरं वाटलं, मग वाईट. क्रम असा होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

कुंदन गेल्याचा फोन एका सकाळी आला. हितेंद्र पेढीवरून तसाच निघाला, बस बदलत सोनगीरला पोचला. तिरडी उचलली जात होती. कुंदनची बायको पुनम दाराशी बायकांच्या हातात कोसळली होती. त्याने खांदा दिला आणि तो खरोखर ओक्साबोक्शी रडला. त्या रडण्यात खोट नव्हती, भिंग लावून पाहिलं असतं तरी सापडली नसती.

मसणवटीत देह लाकडांवर ठेवला. कुंदनच्या चुलतभावाने, मगनने, अंगावरची शाल काढली आणि शालीखाली छातीवर ‘रातव्याची चिता’ होतं. मगनने ते पाहिलं आणि जिथल्या तिथे राहू दिलं. मेलेल्याच्या आवडीची वस्तू बरोबर जावी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कुणीतरी वर तूप ओतू लागलं.

हितेंद्रला एवढंच दिसलं की तूप मुखपृष्ठावर पडलं.

तुपाचा डाग जात नाही. पावडर लावा, टीपकागद ठेवा, जात नाही. हा विचार त्याच्या डोक्यात आला, त्या जागी, त्या वेळी. म्हातारे हिलालआबा, कुंदनचे वडील, पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन मुलाभोवती फिरायला निघाले होते. थांब, मेल्या, तोंड दुसरीकडे कर, असं त्याला सांगायला कुणी नव्हतं. तो पुढे झाला, वाकला आणि कुंदनच्या छातीवरून पुस्तक उचललं.

‘हे माझं आहे,’ तो म्हणाला.

आबा थांबले. सगळी मसणवट थांबली. मग मगन मोठ्याने म्हणाला, ‘मढाना टाळूवरलं लोनी बी सोडतस नहीत लोके!’

ही म्हण आपण उठसूट वापरतो, पुढाऱ्यांना, कंत्राटदारांना. पण इथे मढं समोर होतं, तूपही समोर होतं आणि हात हितेंद्रचा होता. दोघं-तिघं त्याच्याकडे धावले. आबांनी त्यांना थोपवलं.

‘लई जाऊ द्या रे त्याले,’ आबा म्हणाले. ‘मन्हा पोऱ्यानी कोनं काही ठेयेल नही.’

पोराने कुणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं, एवढं सांगून ते मडकं घेऊन पुढे चालू लागले. हितेंद्र मागे सरकला, आणखी मागे सरकला आणि अग्नी दिल्यावर निघून आला.

जळगावला हेमांगीने दारातच अडवलं. ‘मसणातली वस्तू घरात आणायची नाही. आधी आंघोळ करा.’ तो आंघोळीला गेला नाही, जिन्यातच बसला. डाग आता मुखपृष्ठभर पसरला होता. आतल्या पानांना किती लागलंय हे बघायला त्याने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर रातव्याच्या तोंडावर शिक्का नव्हता.

तो बघतच राहिला. जीवराम शेठचा जांभळा शिक्का, ज्याला त्याने उभ्या जन्मात इतक्या शिव्या दिल्या, तो तिथे नव्हता. पिनाही वेगळ्या होत्या. सोन्याचा कण पारखणाऱ्या माणसाने मित्राच्या छातीवरची वस्तू न पारखता उचलली होती. हे पुस्तक त्याचं नव्हतंच. कुंदनचं होतं.

त्याने शेवट उघडला. शेवटचं पान होतं.

ज्या पानावरून तो ग्रुपवर एवढा भांडला, ते पान. थंडावलेली राख, राखेतून वर आलेला हात, त्यावर घोंगडीचं टोक आणि खाली ठळक अक्षरांत, ‘रातवा मरत नसतो! वाचा पुढच्या अंकात!’ चित्रही घाईघाईने काढलेलं, हाताला बोटं सहा. हितेंद्रला रडू आलं नाही. रातवाही त्यातलाच निघाला. भूपेंद्र खरं बोलत होता. आणि कुंदनला हे माहीत होतं. माहीत असून तो ग्रुपवर याच्या बाजूने भांडत राहिला. का, ते मात्र हितेंद्रला कळेना.

दहाव्याला तो सोनगीरला गेला. जायची हिंमत नव्हती, पण न जाण्याची त्याहून नव्हती. ते पुस्तक पिशवीत होतं, नदीत सोडावं की आबांच्या पायावर ठेवावं, हे ठरत नव्हतं. माणसं नदीवरून परतली तेव्हा कुणी त्याला बस म्हणालं नाही. मगन त्याच्यासमोर थुंकला. हितेंद्र मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तिथे तीन दगडांच्या चुलीवर पाहुण्यांसाठी पाणी तापत होतं. पुनम बाहेर आली. तिच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कॉमिक होतं.

‘हाई तुम्हनं, भाऊ. त्या सांगी गयात, हितूभाऊनं शे, त्यासनाच हातमा देजो. कोनाहाते धाडू नको.’

त्याने प्लॅस्टिकमधून काढून पाहिलं, पहिल्या पानावर शिक्का होता. एक कोपरा दुमडलेला नाही, एक डाग नाही.

‘मग ते दुसरं?’ त्याने कसंबसं विचारलं.

‘ते यासनं. मागला साल, तुम्हनं घर उनं त्याना मांगून, शहाद्याले रद्दीमा सापडनं. इतला खूश व्हयनात, म्हनेत, आते भाऊले दखाडसू. मंग रातले शेवटलं पान वाचं आनि गप बसी गयात.’ तिने पदराने डोळे पुसले. ‘म्हनेत, भाऊ हाई वाची तर त्यानं मन मोडी जाई. येनाकरता बठ्ठासंगे भांडेल शे तो. मी गऊ का मन्हासंगे जाळी टाकजो, त्याले दखाडू नको. मीच ठेयं छातीवर, शालखाले.’

हितेंद्रचं मन मोडू नये म्हणून कुंदनने ते पान आपल्याबरोबरच जाळायला सांगितलं होतं, आणि ते हितेंद्रनेच चितेवरून उचललं होतं.

‘तुम्ही वाचं का, भाऊ?’

ती त्याच्याकडे बघत होती. तिला राग नव्हता, भीती होती. नवऱ्याने सांगितलेलं एवढं एकच काम आपल्या हातून फसलं की काय, एवढीच भीती.

‘नाही,’ हितेंद्र म्हणाला. ‘उघडलंच नाही मी.’

पुनमने श्वास सोडला. ‘बरं व्हयनं. द्या मंग अठे.’

त्याने पिशवीतून काढून दिलं. तिने ते चुलीत सारलं. तुपाने माखलेला कागद, भसकन पेटला. दोघं बघत उभे राहिले. राखेतून काही वर आलं नाही. पुनमने फुंकणीने राख सारखी केली आणि पाण्याखाली आणखी एक लाकूड सरकवलं.

धुळ्याला त्याने जळगावची बस पकडली. खिडकीशी बसल्यावर फोन उघडला. ग्रुपवर कुंदनचा फोटो होता, त्याखाली हात जोडल्याची चिन्हं. सगळ्यात खाली भूपेंद्रने लिहिलं होतं, ‘कुंदनभाऊ गेलेले नाहीत. रातव्यासारखे परत येतील.’ माणूस वाईट नव्हता, आपल्या परीने त्याने चांगलंच लिहिलं होतं.

हितेंद्रने टाइप केलं, ‘रातवा मेला. मेलेला परत येत नाही.’ आणि पाठवून दिलं.

पारोळ्याच्या अलीकडे भूपेंद्रचं उत्तर आलं.

‘पान दाखवा!’

हितेंद्रने फोन बंद केला. मांडीवर त्याची स्वतःची प्रत होती, शिक्का मारलेली, शेवटचं पान नसलेली, कोरी करकरीत जपलेली. भरल्या बसमध्ये, शेजारच्या अनोळखी बाईसमोर, तो तोंडाला रुमाल लावून रडू लागला. बाईने विचारलं, कोण गेलं? कुंदन की रातवा, हे त्याला सांगता येईना.