भिंतीचे दूध

एलिनेड प्रोसर हिची पणजी मारी कुम्हेलीतल्या बायकांची बाळंतपणे करी, आणि माणूस गेले की त्याला अखेरची आंघोळही तीच घाली. आजी हॅनाने तेच केले, आई ग्वेनीथनेही तेच. तिघींपैकी एकीकडेही प्रमाणपत्र नव्हते. पण हात लावून पाहिल्याशिवाय तिघींनी कधी कशावर विश्वास ठेवला नाही. एलिनेड रीतसर शिकलेली परिचारिका झाली, वेल्सच्या त्या कोळशाच्या दरीत पस्तीस वर्षे घरोघर फिरली, आणि एकाहत्तराव्या वर्षीही तिचा हात आधी पुढे होई, मत मागाहून.

अशा बाईला २०१२ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी चॅपेलच्या रस्त्यावर सारे गाव गोळा झालेले दिसले. गर्दीचे तोंड सेल्विन रॉड्रिकच्या घराकडे होते. सेल्विन म्हणजे चॅपेलचा, गावच्या प्रार्थनामंदिराचा, ज्येष्ठ पंच. रविवारी पहिल्या बाकावर बसायचे आणि सोमवारपासून इतरांच्या चुका मोजायच्या, हा त्याचा उद्योग. त्याच्या दारासमोर तांबूस कोट घातलेला एक परका गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. त्या कॅमेऱ्यात ऊब तांबडी दिसे आणि गारवा निळा.

“बघा मंडळी!” तो म्हणाला. “दहा दिवसांपूर्वी हेच घर कसं होतं? तांबडंलाल! तुमची सगळी ऊब भिंतीतून रस्त्यावर सांडत होती. दगडाला तहान लागली होती हो, तहान! आम्ही त्याला दूध पाजलं. आणि आज?”

त्याने पडदा सगळ्यांपुढे फिरवला. पुढची भिंत खालपासून वरपर्यंत निळी.

“अगं बाई!” टपालवाली ब्रॉन ओरडली. “आत्ता ऊब घरातच राहिली म्हणायची!”

“घर आता श्वास घेतंय,” गृहस्थाने डोळे मिटून सांगितले. “ऐकू येतं मला.”

ह्या महाभागाचे नाव क्विंटन फेअरब्रदर. भिंतीचे श्वास ऐकणाऱ्या ह्याच कानांना समोरच्या माणसाचा साधा प्रश्न मात्र कधी ऐकू येत नसे. घराच्या पुढच्या भिंतीला तो एक पांढरट द्रव फासे. त्याला पुदिन्याचा वास येई आणि त्याचे नाव होते ‘भिंतीचे दूध’. एका घराचे मोल अठराशे पौंड. तेही चित्र निळे झाल्यावरच. लोकांना ह्या शेवटच्या अटीचे भारी कौतुक वाटले. काम फत्ते झाल्याशिवाय छदाम न घेणारा माणूस लबाड कसा असेल, असे चार घरांनी एकमेकांना विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पैसे मोजले.

एवढ्या घाईला कारण सरकारी नियमाचे होते. छपरावर सौर तक्ते बसवले की त्यांच्या विजेबद्दल सरकार वर्षानुवर्षे पैसे देई. पण त्या एप्रिलपासून अट आली होती की घराला आधी ऊर्जेचा दाखला हवा, आणि त्यात ए ते जी श्रेणींपैकी डी किंवा त्याहून वरची हवी. नाही तर दर निम्म्याहूनही खाली. गळक्या घरावर सूर्य बसवून उपयोग काय, असा त्यामागचा सरळ विचार. कुम्हेलीतली शंभर वर्षांची दगडी घरे एफच्या पुढे सरकत नव्हती. त्यात पहिल्या नोव्हेंबरला दर पुन्हा घसरणार होता. फेअरब्रदर सांगे की निळे चित्र दाखल केले की डी श्रेणी घरी चालत येते.

एलिनेडने ते ऐकले, नाक मुरडले आणि ती घरी निघाली. मूर्खांनी पैसे उधळावेत, त्यांची हौस. पण तिच्या शेजारच्या दारात इड्वल पॅरी उभा होता, आणि त्याची भिंत पांढरी ओली होती.

“इड्वल, तूसुद्धा?”

“शनिवारी चित्र काढणार आहेत, नर्सबाई. निळं आलं की पैसे द्यायचे, आणि सोमवारी तक्तेवाल्याला इसार.”

“डोकं कुठं गहाण ठेवलंस?”

इड्वल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर गावाला पाव भाजून देणारा. त्याने आवाज खाली आणला. “डॉक्टर म्हणाले, मॉर्व्हिडची छाती या घरात आणखी एक हिवाळा काढणार नाही. घर ऊबदार ठेवा, नाही तर तिला दरीच्या तोंडाशी त्या वृद्धाश्रमात न्या. पंचावन्न वर्षं संसार केला, बाई. तिथं तिला कोण ओळखतं? तक्त्यांचे पुरते पैसे आले तर रात्रंदिवस शेगडी चालवता येईल. तक्त्यांचे पैसे बाजूला काढलेत, त्यापलीकडे शिलकीतली हीच रक्कम आहे. दुसरी नाही.”

एलिनेडला एक जुना हिशेब आठवला. चौऱ्याऐंशी साली खाणी बंद पडल्या आणि संपाच्या त्या सबंध वर्षात तिच्या नवऱ्याने एक पै घरी आणली नाही. तिच्या एकटीच्या पगारात दोन्ही घरची म्हातारी आणि तीन पोरे भागत नव्हती. तेव्हा रोज पहाटे तिच्या खिडकीत एक गरम पाव ठेवलेला असे. संप मिटल्यावर ती पैसे घेऊन गेली, तर इड्वल म्हणाला, “कसला पाव? मला काही आठवत नाही.” अठ्ठावीस वर्षे ती हे ओझे मानेवर बाळगत होती, आणि तिच्यासारख्या मानी बाईला ते हलके कधीच वाटले नव्हते.

“मला त्या दिवसाचं नीट सांग,” ती म्हणाली. “पहिलं चित्र काढायला आला तेव्हा काय काय झालं?”

“काय व्हायचं? सेल्विनने दोन दिवस आधी निरोप दिला. पाहुणा मोठा, म्हणून पुढची बैठक उघडली, शेगडी पेटवली, चहा, केक. त्याने बाहेरून चित्र काढलं. तांबडंलाल निघालं.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी आत येणार नाही म्हणाला. ‘माझ्यासाठी शेगडी पेटवू नका, चहा नको, मान नको, मी रस्त्यातूनच चित्र काढीन.’ किती साधा माणूस!”

एलिनेडने त्याच्या पुढच्या बैठकीच्या खिडकीकडे पाहिले. कुम्हेलीत प्रत्येक घराची पुढची खोली म्हणजे बैठक. तिथे उत्तम खुर्च्या, चिनी मातीची कुत्री, पूर्वजांचे फोटो. घरचे लोक सारा जन्म मागल्या स्वयंपाकघरात काढतात. बैठक उघडते ती पाद्री आला तर आणि कुणी गेले तर. पाहुण्याला दमट खोलीत बसवणे ही नाचक्की, म्हणून आदल्या दिवसापासून तिथे आग ठेवायची. आणि प्रेत ठेवायचे असेल तर निखारासुद्धा ठेवायचा नाही. ह्या गावची निम्मी प्रेते एलिनेडने त्याच खोल्यांत धुतली होती. तिथला गारवा तिच्या बोटांना पाठ होता.

“मॉर्व्हिडची खाट कुठं आहे?” तिने विचारले.

“मागच्या खोलीत.”

“त्या खोलीला ओल आहे. आज गुरुवार. आत्ताच्या आत्ता पुढच्या बैठकीत शेगडी पेटव आणि खाट तिथं हलव.”

“पुढच्या बैठकीत?” इड्वल दचकला. “जिवंत माणूस? नर्सबाई, तिथं फक्त पाद्री आणि प्रेतं!”

“इड्वल!” आतून खोकत खोकत मॉर्व्हिडचा आवाज आला. “मरून तिथं झोपण्यापेक्षा जिती असताना झोपते! हलव मला! त्या कुत्र्यांकडे बघत तरी पडेन.”

आज्ञा दोन बायकांची होती. खाट हलली.

शनिवारी दिवेलागणीला पुन्हा गर्दी जमली. फेअरब्रदरच्या हातात पावतीपुस्तक होते आणि चेहऱ्यावर संताची कळा. सेल्विन त्याच्या शेजारी अर्धा पाऊल मागे उभा होता, जणू प्रेषिताचा छत्रीधारी.

“आधी माझं घर बघा की,” एलिनेड म्हणाली. “एवढे आलात तर.”

फेअरब्रदरने तिच्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा रोखला. पडद्यावर निळा रंग पसरला, गडद आणि देखणा.

“अहाहा! मंडळी, हे बघा! या घराने दूध कसं शेवटच्या थेंबापर्यंत शोषलंय! श्रद्धेनं लावून घेतलं की असं होतं. बाई, तुमची भिंत तृप्त आहे.”

“तृप्त आहे?”

“अगदी!”

“या भिंतीला मी दर मे महिन्यात चुना मारते,” एलिनेड शांतपणे म्हणाली. “तुमच्या दुधाचा एक थेंब तिला लागलेला नाही. ब्रॉन, मी खोटं बोलत असेन तर सांग. तू रोज माझ्या दारात येतेस.”

“नाही बाई, तुमच्याकडे काही फासलेलं नाही,” ब्रॉन पुटपुटली, आणि मागे कुणीतरी खुदकन हसले.

“आता इड्वलचं घर बघा. त्याला तुम्ही स्वतः दोन हात दिलेत.”

फेअरब्रदर घसा खाकरत वळला. कॅमेरा वर गेला. पडद्यावर धुराड्याखालची भिंत, खिडकीची चौकट, दरवाजाच्या फटी, सगळे तांबडे, मध्ये मध्ये पिवळे.

गर्दी पडद्याकडे सरकली.

“शंकेखोर माणूस शेजारी असला,” फेअरब्रदर म्हणाला, “की दूध नासतं. घराला लहरी जाणवतात.”

“घराला लहरी नाही, शेगडी जाणवते!” एलिनेडचा आवाज चढला. “सेल्विन रॉड्रिक, इकडे या. आत जा आणि बैठकीच्या भिंतीला तळहात लावा. मॉर्व्हिड तिथंच झोपलीये, घाबरू नका, जिती आहे.”

सेल्विन आत गेला. खिडकीतून मॉर्व्हिडचा आवाज आला, “पाय पुसून या, पंच!” तो बाहेर आला तेव्हा त्याचा हात तांबूस झाला होता आणि चेहरा पांढरा.

“ऊन आहे,” तो म्हणाला.

“दोन दिवस आग चालू आहे, ऊन असणारच. आता मला सांगा, हा पहिल्यांदा तुमच्या दारी आला तेव्हा तुमच्या बैठकीत आग होती की नव्हती?”

“होती. पाहुणा म्हणून…”

“दुसऱ्यांदा आला तेव्हा?”

सेल्विनने फेअरब्रदरकडे पाहिले. मग बोलला ब्रॉनचा नवरा, मागून, सगळ्यांना ऐकू जाईल असा: “नव्हती. आमच्याकडंही नव्हती. कुणाकडंच नव्हती! तो आत येणारच नव्हता ना!”

“झालं तर,” एलिनेड म्हणाली. “तुम्ही त्याच्या मानासाठी खोली तापवलीत, त्याने भिंत तांबडी दाखवली. तुम्ही खोली गार केलीत, त्याने भिंत निळी दाखवली. मधल्या दहा दिवसांत त्या भिंतीला जे लागलं ते चुना, डिंक आणि पुदिन्याचं तेल. मी बोटाने खरवडून बघितलंय. ऊब बाहेर जात नव्हती, कारण आत ऊबच नव्हती. प्रेतसुद्धा कॅमेऱ्यात निळंच दिसतं. म्हणून त्याची तब्येत सुधारली असं कुणी म्हणतं का?”

“पण दाखला?” सेल्विनने शेवटची काडी धरली. “डी श्रेणी?”

“दाखला देणारा माणूस माझ्या घरी मार्चमध्ये येऊन गेला. त्याच्याकडे असला कॅमेरा नव्हता, फूटपट्टी होती. माळ्यावर चढून छताखालच्या, ऊब अडवणाऱ्या लोकरीच्या थराची जाडी मोजली, बॉयलरचं वय विचारलं, खिडक्यांच्या काचा पाहिल्या, दिवे मोजले आणि गेला. निळं चित्र त्याला दाखवलंत तर तो म्हणेल, छान आहे, भिंतीवर लावा.”

फेअरब्रदर गाडीकडे सरकू लागला होता. सेल्विन रॉड्रिकने आयुष्यात प्रथमच उपयोगाचे काम केले: तो गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. “चार घरं,” तो म्हणाला. “सुरुवात माझ्यापासून करा.” प्रेषिताने चार घरांचे पैसे तिथल्या तिथे परत केले आणि तो दरीबाहेर गेला. भिंतींचे श्वास ऐकण्यासाठी तो थांबला नाही.

त्या रात्री कुम्हेलीतल्या बऱ्याच लोकांना राग आला, तो मात्र एलिनेडचाच. फसलो हे कळण्यापेक्षा, फसलो हे शेजाऱ्यासमोर कळले, ह्याचे माणसाला जास्त वाईट वाटते. अशा रागाची दखल शहाण्याने घेऊ नये. चमत्काराची कसोटी काही कठीण नसते. ज्याला दूध लावले ते घर आणि ज्याला लावले नाही ते घर शेजारी शेजारी ठेवावे, दोन्हींत आग सारखी पेटवावी, मग बघावे. हे सुचायला विद्यापीठ लागत नाही. दाखवणारा जे दाखवतो ते पाहण्याआधी, तो कुठे येणार नाही म्हणतो आणि काय पेटवू नका म्हणतो, एवढे विचारले तरी पुरते. ऊब अडते ती जाडजूड थराने आणि बुजवलेल्या फटींनी. मंत्राने फक्त विचारणारे तोंड अडते.

सोमवारी सकाळी एलिनेड इड्वलच्या माळ्यावर चढली. सत्तरीपुढच्या माणसांना माळ्यावरची लोकर त्या वर्षाअखेरपर्यंत फुकट बसवून मिळत होती. पण इड्वलने कधी अर्ज केला नव्हता, कारण माळा रिकामा करावा लागला असता, आणि तिथे चाळीस वर्षांच्या भट्टीचे सगळे सामान कोंबलेले होते.

“नर्सबाई, तुमचं वय काय, तुम्ही काय उचलता!”

“तू खाली शिडी धर आणि तोंड बंद ठेव.”

तिने पाच दिवस ट्रे, साचे, वजने, पीठ चाळायच्या चाळण्या खाली उतरवल्या. सहाव्या दिवशी लोकर आली. दाराखिडक्यांच्या फटी सेल्विनने बुजवल्या, कुणी न सांगता. बॉयलर मात्र बदलावा लागला. त्याला वाचलेल्या अठराशेतले बरेचसे पैसे गेले. नोव्हेंबर उजाडला, दर थोडा घसरला. तरी फूटपट्टीवाला आला, वर चढला, खाली उतरला आणि त्याने डी लिहिले. तक्ते बसले. मॉर्व्हिडची खाट पुढच्या बैठकीतच राहिली, आणि तिला वृद्धाश्रमात न्यायचे पुन्हा कुणी काढले नाही.

दाखला आला त्या सकाळी इड्वल एलिनेडच्या दारात उभा राहिला. हातातली टोपी तो फिरवत राहिला.

“नर्सबाई, मी एक खोटं बोललो होतो,” तो म्हणाला. “मला सगळं आठवतं. तीनशे एक्कावन्न पाव होते.”

एलिनेड ताठ उभी होती. “मग? किती फेडायचे राहिले?”

इड्वलने टोपी डोक्यावर ठेवली.

“एकही नाही, बाई.”